घरखात्यात न लिहिलेला घसारा

महावीर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांदुऱ्यातील एका घरात नळाला पाणी आले नाही. मिरवणूक, प्रसाद आणि पाहुणे यांत आदला दिवस गेला होता. गच्चीवरची टाकी रात्रीच तळाला लागली होती. थोरल्या वहिनींनी बोअरच्या मोटरीचे बटण दाबले. मोटर क्षणभर घुमली, मग नुसतीच गुरगुरली आणि फ्यूज गेला. घरातील आजी उकळलेल्या पाण्याखेरीज काही घेत नाहीत. शेजाऱ्यांकडून दोन कळशा आल्या, तेव्हा कुठे त्यांच्या पाण्याचे भांडे गॅसवर चढले. त्या सकाळपासून पुढचे अकरा आठवडे त्या घरात काही ना काही बिघडतच राहिले.

हे घर अमुक एका पत्त्यावर शोधायला जाऊ नये. नांदुरा, मलकापूर, खामगाव, चिखली अशा बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही पेठेत बाजार समितीत अडत, गावात किराणा आणि दुकानाच्या वर तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत, अशी जी घरे आहेत, त्यांचे हे प्रातिनिधिक चित्र आहे. पुढे येणारे बिलांचे आकडेही बाजारातील साधारण दरांचे आहेत. वाचकांपैकी कित्येकांना यात आपलेच एखादे बिल ओळखीचे वाटेल.

पाइप वर काढणे, मोटरचे वाइंडिंग आणि नवा कपॅसिटर मिळून पहिले बिल साडेसहा हजारांचे झाले. ते चुकते केल्याला चार दिवसही झाले नव्हते, तोच फ्रिज बंद पडला. दूध नासले, आमरसासाठी आणलेला आंबा वाटून टाकावा लागला. पण खरी चिंता आजींच्या इन्सुलिनची होती. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि बाहेर पारा चव्वेचाळिशीकडे निघाला होता. औषधाचा डबा पुन्हा त्याच शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये गेला. सकाळ-संध्याकाळ नातू तो आणायचा आणि परत नेऊन ठेवायचा. कॉम्प्रेसर बदलण्याचे सात हजार आठशे झाले.

अक्षय्य तृतीयेला बुलढाण्यात आत्याबाईंच्या वर्षीतपाचे पारणे होते. सकाळीच सगळे मोटारीने निघाले. मोताळा मागे टाकून राजूरचा घाट चढू लागल्यावर इंजिन नुसतेच ओरडू लागले, गाडी मात्र पुढे सरकेना. जळक्या लायनिंगचा वास सुटला. क्लच प्लेट संपली होती. वळणावर दगड लावून गाडी उभी केली. आजींना आणि वहिनींना मागून आलेल्या एसटीत बसवून दिले, म्हणून पारण्याचा उसाचा रस तरी चुकला नाही. दोघे भाऊ दुपारपर्यंत घाटात उभे राहिले. गाडी ओढून नेण्याचे तीन हजार आणि क्लचचे अकरा हजार दोनशे.

मे महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी गेली, साडेपंधरा हजार. खालच्या खोलीतील एसीचे सर्किट बोर्ड जळले आणि सोबत गॅसही भरावा लागला, पाच हजार चारशे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धुण्याच्या यंत्राचे ड्रम-बेअरिंग गेले. कारागिराने सांगितलेला खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होता, म्हणून एकोणीस हजारांचे नवेच आले. पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राची जाळी आणि गिझरचे एलिमेंट हे दोन हजार सहाशे त्यामानाने किरकोळच. धाकट्या भावाच्या मुलीला प्रवेशासाठी पुण्याला न्यायचे होते. चिखलीमार्गे जाऊन पुढे छत्रपती संभाजीनगरपर्यंत समृद्धी महामार्ग धरायचा बेत होता. निघण्यापूर्वी गाडी दाखवली, तर मेकॅनिकने चारही टायरांवर बोट ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, या टायरांवर त्या रस्त्याला जाऊ नका." अठरा हजार.

एकूण ८९,००० रुपये, तेही मुलीच्या महाविद्यालयाची फी जुलैत भरायची असताना.

घरात पैशाआधी माणसे बिघडू लागली. धुण्याचे यंत्र धाकट्या वहिनी लावत, तेव्हा "कपडे जास्त कोंबले असतील" असे कुणीतरी बोलून गेले. घाटात गाडी धाकटा भाऊ चालवत होता, म्हणून क्लच त्याच्या पायाने गेला असे ठरले. बॅटरीत साधे पाणी नातवाने घातले होते, हे मात्र खरेच होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एकाने साडेसाती सुचवली, दुसऱ्याने स्वयंपाकघराची दिशा. थोरले भाऊ कोणालाच काही बोलेनात. ते फक्त दुकानातून उशिरा घरी येऊ लागले. एकत्र कुटुंबात अशा मौनाचा अर्थ सगळ्यांनाच कळतो.

वाद एका जुन्या फायलीने थांबला. धुण्याच्या यंत्राचे हमीपत्र शोधताना धाकट्या वहिनींनी खरेदीच्या पावत्या काढल्या. लग्नापूर्वी त्या एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहीत असत. पावत्या तारीखवार लावायची त्यांच्या हाताला सवय होती. फ्रिज, मोटर, धुण्याचे यंत्र, गिझर, एसी, शुद्धीकरण यंत्र यांच्या सगळ्या पावत्या २०१४ सालच्या आणि अवघ्या चाळीस दिवसांतल्या निघाल्या. त्या वर्षी घराची वास्तुशांत झाली होती आणि पाठोपाठ घरात लग्न होते. "या सगळ्यांचा जन्म एकाच महिन्यातला आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

एकाच वेळी घेतलेल्या वस्तू एकाच सुमारास म्हाताऱ्या होतात, यात दैवाचा काही भाग नाही. यंत्रांच्या आयुष्याचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांची एक रेषा काढतात. तिचा आकार आंघोळीच्या टबासारखा असतो. नवेपणी कारखान्यातील दोषामुळे थोडे बिघाड होतात, मग अनेक वर्षे रेषा सपाट चालते आणि झिजेचा काळ आला की एकदम वर चढते. सपाट भागातली वर्षे आपण गृहीत धरतो. फ्रिज किंवा धुण्याचे यंत्र साधारण दहा-बारा वर्षे चालते, इन्व्हर्टरची बॅटरी चार-पाच. नव्या घरात एका दमात भरलेला संसार अकराव्या वर्षी एका दमातच दुरुस्तीला येतो.

त्यात आपल्या भागाचा उन्हाळा. वैशाखात बोअरची पातळी खाली जाते. पाण्यात बुडालेली मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहत असते. पाणी उतरले की ती तापते. त्याच दिवसांत गावभर कूलर आणि पंप चालू असल्याने विजेचा दाब घसरतो. दाब कमी मिळाला तरी मोटर तेवढेच काम ओढू पाहते, त्यासाठी जास्त प्रवाह खेचते, आणि आतल्या तारांवरचे वार्निश करपते. बोअरची मोटर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर एकाच आठवड्यात गेले, त्यामागे बहुधा हे एकच कारण असावे. बॅटरीचेही तसेच. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. ती जिन्याखालच्या कोंदट कपाटात बंद असेल आणि तिला डिस्टिल्ड पाण्याऐवजी बोअरचे पाणी मिळाले असेल, तर ती चार वर्षे टिकली हेच नवल म्हणायचे.

आणि बोअरचे पाणी म्हणजे कुठले? पूर्णेच्या खोऱ्यातले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या खेड्यांनी त्याचा त्रास पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. शेती आणि आरोग्य यांवर त्याचे जे परिणाम होतात, त्यांच्यापुढे गिझरचे दुखणे क्षुल्लक आहे. तरीही हिशेबापुरते सांगायचे, तर जड पाण्यातील क्षार एलिमेंटवर बसतात. तो थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. एलिमेंट आतल्या आत तापून फुटते आणि तोपर्यंत वीजही जास्त खाते. शुद्धीकरण यंत्राची जाळी गोड्या पाण्याच्या गावात जितकी टिकते, तितकी इथे टिकत नाही. दुकानदार सांगतो ते आयुष्य आपल्या पाण्याचे नसते.

टायरांची गोष्ट निराळी, पण ती सांगायलाच हवी. त्या टायरांची नक्षी बऱ्यापैकी शाबूत होती, म्हणून घरच्यांना मेकॅनिकचा संशय आला. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर न चालवताही म्हातारे होते, कडक होते, त्याला बारीक तडे जातात. गावातल्या गावात ताशी चाळीसच्या वेगाने ते वर्षानुवर्षे चालून जाईल. समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. आपल्या जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेडराजा या बाजूने तो जातो आणि सपाटीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा देतो. तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास त्या वेगाने जाणे ही जुन्या टायरची वेगळीच परीक्षा असते. ते अठरा हजार खर्च नव्हेतच, असे आजी म्हणाल्या. त्यांना सगळ्या बिलांतले तेवढे एकच पटले होते.

कारण कळले म्हणून बिले चुकत नाहीत. एका रविवारी दुपारी दोघे भाऊ, दोघी वहिनी आणि नुकताच बीकॉम होऊन दुकानात बसू लागलेला थोरल्यांचा मुलगा असे पाचजण कागद-पेन घेऊन बसले. बचत खात्यातून पंचवीस हजार निघणार होते, उरलेल्याचे काय, हा प्रश्न होता.

मुलाचे म्हणणे होते, क्रेडिट कार्ड आहे, किमान रक्कम भरत राहू, दिवाळीला मिटवू. वरवर सोयीचा दिसणारा हाच मार्ग सर्वांत महाग आहे. थकीत शिल्लक पुढे ओढली, तर अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ८९,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज ३,११५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून पावणेचार हजारांच्या घरात. मुलाने मग बिनव्याजी हप्त्यांची जाहिरात दाखवली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. व्याज कुठेतरी प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार काय भाव देतो, एवढे विचारले की ते व्याज दिसते. व्यापाऱ्याच्या मुलाला हे वेगळे शिकवायला नको होते. पण काउंटरच्या पलीकडे उभे राहिले की व्यापारीही गिऱ्हाइकासारखाच वागतो.

थोरल्या भावांचा विचार जुन्या वळणाचा होता: दुकानाच्या गल्ल्यातून उचल करायची. घर आणि दुकान यांत भिंत कसली? कित्येक घरांत हेच होते आणि वरवर पाहता ते फुकटही वाटते, कारण त्यावर कोणी व्याज मागत नाही. पण काळ कोणता होता? जून. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यांना उचल द्यायची, खेड्यांतली किराण्याची उधारी वाढलेली, आणि पैसा परतणार तो सोयाबीन निघाल्यावर, नंतर कापूस आल्यावर. याच दोन-तीन महिन्यांत दुकानाचा रुपया सर्वांत ओढगस्तीत असतो. धाकट्या वहिनींनी हिशेब मांडला. किराण्यातला पैसा वर्षाला आठ वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत खर्च वजा जाता तीन टक्के उरतात असे धरले, तर ८९,००० रुपये वर्षभर दुकानाबाहेर राहिल्यास २१,३६० रुपयांचा नफा बुडतो. दिवाळीपर्यंतच्या पाच महिन्यांपुरते धरले, तरी ८,९००. गल्ल्यातून काढलेला पैसा बिनव्याजी नसतोच. त्याचे व्याज फक्त कोठे लिहिलेले नसते.

त्याहून मोठी गोष्ट बँकेतल्या कॅश क्रेडिट खात्याची. माल कमी भरला की स्टॉक स्टेटमेंटमधला आकडा घटतो, त्याबरोबर उचलण्याची मर्यादाही घटते. त्या मर्यादेच्या वर खाते सलग नव्वद दिवस राहिले, तर ते अनुत्पादक ठरते आणि पन्नास वर्षांच्या पेढीच्या नावापुढे बँकेच्या दफ्तरात एक शेरा चढतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरने कोणतीही पेढी बुडत नाही. पण चांगली चाललेली दुकाने गोत्यात येतात, तेव्हा सुरुवात पुष्कळदा मालातल्या तोट्याने झालेली नसते, खेळत्या भांडवलातून घरासाठी केलेल्या लहान-लहान उचलींनी झालेली असते.

शेवटी मार्ग निघाला तो मुलीच्या पुढच्या वर्षांच्या फीसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून. ठेव मोडायची नाही, तारण ठेवून तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यायचा. मुदतीआधी मोडली तर व्याजदर घसरतो, वर दंड. तारण ठेवली तर ठेवीवरच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त व्याज पडते, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांचेच. ६४,००० रुपयांवर ८.४ टक्क्यांनी पाच महिन्यांचे व्याज २,२४० रुपये. घरात दागिनेही होते, पण त्या कपाटाकडे वळण्याची वेळ आली नाही.

"पण विमा आहे ना? झिरो डेप घेतला होता," असे मध्येच धाकटे भाऊ म्हणाले. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यासाठी थोडे थांबायला हरकत नाही. मोटार विमा अपघाताचा असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यातून स्पष्टपणे वगळलेले असतात. अपघातात मोडलेले रबरी व प्लास्टिकचे भाग बदलताना कंपनी घसाऱ्यापोटी ५० टक्के कापते. ती कपात टाळण्यासाठी झिरो डेपची जोड असते. राजूरच्या घाटात संपलेल्या क्लचशी तिचा संबंध नाही. घराच्या विम्याचेही तेच. १ एप्रिल २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा पॉलिसी आग, वीज कोसळणे, पूर यांसारख्या आपत्तींसाठी आहे. आपल्याच दोषाने जळालेल्या मोटरीसाठी नाही. घरगुती उपकरणांच्या बिघाडाचे वेगळे कलम असलेल्या पॉलिसी मिळतात, पण त्यांत वस्तूंच्या वयाची अट आधी वाचावी.

दुरुस्ती की नवे, यावर घराघरांत एक अडाखा चालतो: दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्यावर गेला आणि वस्तूचे निम्मे आयुष्य सरले असेल, तर नवे घ्यावे. धुण्याच्या यंत्राला तो लागू पडला. फ्रिजला नाही, बत्तीस हजारांच्या नव्या फ्रिजपुढे सात हजार आठशे म्हणजे चौथा हिस्सा. मात्र फ्रिज चोवीस तास वीज खातो आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या तारांकन योजनेचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत; २०१४ सालचे पाच तारे आजच्या मापाने तेवढे राहत नाहीत. कॉम्प्रेसर बदलण्याचा निर्णय चुकला असे नाही, पण तो दोन-तीन वर्षांपुरताच बरोबर आहे. दुसऱ्या मजल्यावरचा एसीही कुरकुरत होता, त्याला हातच लावला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बदलायचाच झाला तर पुढच्या उन्हाळ्याआधी, थंडीच्या भावात. कारागिराकडून जुना भाग परत मागणे, कामाची हमी बिलावर लिहून घेणे आणि बिल पक्के असणे या तीन सवयी घराने आता धरल्या आहेत. पक्के बिल हातात असले, म्हणजे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतानाही बोलायला जागा राहते.

ही सगळी आकडेमोड करताना थोरल्या भावांना एक गोष्ट लागली. दुकानातला वजनकाटा, संगणक, माल वाहणारा टेम्पो यांचा घसारा दरवर्षी ताळेबंदात न चुकता लिहिला जातो. आयकराच्या नियमांनी यंत्रांवर १५ टक्के, फर्निचरवर १० आणि संगणकावर ४० टक्के. सहा लाखांची गाडी १५ टक्क्यांच्या घटत्या शिलकेने पाच वर्षांत २ लाख ६६ हजारांवर येते, दहा वर्षांत १ लाख १८ हजारांवर. हे त्यांना तोंडपाठ होते. पण त्याच दुकानाच्या वर, त्याच माणसांच्या घरात, अकरा वर्षे कोणी घसाऱ्याचा एक रुपया लिहिला नव्हता. घरखर्च खात्यात किराणा, दूध, वीज, फी असे सगळे नावे पडत होते. फ्रिज मात्र ज्या दिवशी विकत घेतला, त्या दिवशी एकदाच लिहिला गेला आणि जणू कायमचा झाला.

वस्तूंची यादी केली. फ्रिज ३२,०००, दोन एसी ८०,०००, टीव्ही ३५,०००, इन्व्हर्टर व बॅटरी २६,०००, मोटर २२,०००, कूलर, गिझर, शुद्धीकरण यंत्र, घरघंटी, पंखे असे करत आजच्या बाजारभावाने बेरीज ३ लाख १० हजारांवर गेली. सरासरी दहा वर्षांचे आयुष्य धरले तर वर्षाला ३१,०००. नऊ वर्षांच्या गाडीच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगपलीकडच्या दुरुस्त्यांसाठी २४,०००. मिळून ५५,०००, महिन्याला साधारण ४,६००. मग ८९,००० म्हणजे काय झाले? साडेएकोणीस महिन्यांचा घसारा. पहिली सहा-सात वर्षे काहीच बिघडले नाही, तेव्हा तो नफा वाटला होता. प्रत्यक्षात ते यंत्रांचे देणे साचत होते.

यादी करताना तीन मिक्सर सापडले. दोन आहेराचे, एक सवलतीत घेतलेला. परिग्रहाचे परिमाण हा शब्द घरात पर्युषणात दरवर्षी उच्चारला जातो. माळ्यावर चढून मोजणी मात्र प्रथमच झाली. आजी खाली बसून ऐकत होत्या. त्यांच्या संसारात तारेची वस्तू म्हणजे एक रेडिओ आणि दोन दिवे. "बिघडायला तरी काय होते?" त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "पण फ्रिजशिवाय माझे औषध नाही राहायचे, तो ठेवा." एक मिक्सर गरजूला दिला, एक भंगारात गेला, माळ्यावरचा जुना कूलरही गेला. वार्षिक घसारा त्यामुळे फारसा उतरला नाही, पण माळा मोकळा झाला.

जुलैची फी वेळेवर भरली गेली. बॅटरी जिन्याखालून हलवून हवेशीर जागी आली. मोटरीला कमी दाबात आणि पाणी उतरल्यावर आपोआप बंद करणारे पॅनेल बसले, त्याचे बिल निघालेल्या एका वाइंडिंगच्या खर्चाहून कमी होते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतण्याचे काम नातवाकडे आले. साधे पाणी बॅटरीत घालण्याचे प्रायश्चित्त, असे त्याला चिडवले जाते. धाकट्या वहिनींना कोणी काही म्हटले नाही. फक्त थोरल्या भावांनी एक दिवस दुकानातून नवी वही आणून त्यांच्या हाती दिली.

सोयाबीन बाजारात आले आणि दिवाळीच्या आठवड्यात ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट फिटला. वहीपूजनाला पेढीच्या वह्यांशेजारी ती पातळ वहीही मांडली गेली. पहिल्या पानावर "घर घसारा खाते", त्याखाली पहिली जमा ४,६०० रुपये. बँकेतही त्याच नावाने आवर्त ठेव निघाली. तीन महिन्यांतच धाकट्या भावांनी हप्ता निम्मा करावा असे सुचवले, कारण काहीच बिघडत नव्हते. वहिनींनी ऐकून घेतले आणि हप्ता तसाच ठेवला.

पौषातल्या एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या गिझरची टाकी गळू लागली. तीही २०१४ सालचीच. सहा हजार आठशे रुपयांचा नवा गिझर आला, वहीत तारखेसह नावे पडला. संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी सगळे जेवायला बसले, तेव्हा पुण्याहून सुटीला आलेल्या मुलीने विचारले, "वर गरम पाणी आहे का?" आहे, असे कोणीतरी सांगितले आणि बोलणे पारण्यासाठी बुलढाण्याला कधी निघायचे याकडे वळले.